मायनर लीगमधला पिचर कसा पारखावा

१९९९च्या डिसेंबरात ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या अमेरिकन बेसबॉल क्लबाच्या हातून वीस वर्षांचा एक डावखुरा पिचर निसटला. व्हेनेझुएलातल्या तोवार गावचा योहान सांताना. क्लबाने त्याला आपल्या राखीव यादीत घेतलं नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे दुसऱ्या क्लबाने त्याला उचललं आणि लगेचच्या अदलाबदलीतून तो मिनेसोटा ट्विन्सकडे पोचला. त्या मोसमात मिशिगनमधल्या खालच्या पातळीच्या संघाकडून त्याचे ८ विजय होते, ८ पराभव होते आणि धावांची सरासरी होती ४.६६. म्हणजे डोळ्यांत भरावं असं काहीच नाही. पाच वर्षांनी, २००४मध्ये, अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला; २००६मध्ये पुन्हा.

अ‍ॅस्ट्रोजची माणसं अडाणी नव्हती. वीस वर्षांच्या पोराच्या हातात पुढे काय उतरेल हे ओळखणं धंदेवाईक पारख्यांनाही जड जातं. तरी पाहायचं काय आणि कोणत्या क्रमाने, हे कळलं तर आपणही बऱ्यापैकी अंदाज बांधू शकतो. मुलांकडे अमेरिकेला गेल्यावर गावातल्या छोट्या मैदानावर सामना पाहायचा योग आला तर हे उपयोगी पडेल. बेसबॉल कधीच पाहिलेला नसला तरी हरकत नाही.

आधी खेळापुरतं. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. तो उंचवट्यावर उभा राहून १८.४४ मीटरवरच्या बॅटरकडे चेंडू टाकतो आणि चेंडूला टप्पा नसतो. बॅटरच्या गुडघ्यांपासून साधारण छातीपर्यंतच्या ठरावीक चौकटीतून गेलेला किंवा बॅट फिरूनही हुकलेला चेंडू म्हणजे ‘स्ट्राइक’. चौकटीबाहेर गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, याला स्ट्राइकआउट म्हणतात. चार ‘बॉल’ झाले की त्याला पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो, तो झाला वॉक. पुढचा जवळजवळ सगळा हिशेब या दोन शब्दांवर चालतो.

आता शिडी. मेजर लीगमधल्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या, तीसही क्लबांचे खाली आपापले संघ असतात, तीच मायनर लीग. २०२१च्या फेररचनेपासून प्रत्येक क्लबाचे पूर्ण मोसम खेळणारे चार संघ आहेत : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सर्वांत वर ट्रिपल-ए. त्यांच्याही खाली अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा आणि डोमिनिकन रिपब्लिकमधल्या नवशिक्यांच्या लीग. या संघांचं पहिलं काम जिंकणं नव्हे, खेळाडू घडवणं आहे. पुढे आकडे चाळताना हे मनात धरून ठेवा, कारण बहुतेक चुका ते विसरल्यामुळे होतात.

पहिली पायरी : वय आणि पातळी एकत्र पाहा. सिंगल-एमध्ये साधारण विशीच्या आसपासची मुलं असतात, डबल-एमध्ये तेवीस-चोवीसची, ट्रिपल-एमध्ये त्याहून मोठी, आणि त्यांत मेजर लीग खेळून परत आलेलेही पुष्कळ. चोवीस वर्षांचा पिचर सिंगल-एमध्ये भराभर बळी घेत असेल तर ते कौतुक स्वस्तातलं आहे. कॉलेजमध्ये चार वर्षं घालवलेला पिचर एका बऱ्या वळणाऱ्या चेंडूवर तिथल्या पोरांना सहज फसवतो. तोच चेंडू डबल-एमधले बॅटर सोडून देतात. उलट, एकोणीस वर्षांचा पोरगा हाय-एमध्ये नुसता टिकून असला तरी ती बातमी आहे. मिशिगनमध्ये वीस वर्षांच्या सांतानासमोर त्याच्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठे बॅटर बरेच होते.

दुसरी पायरी : तो आला कुठून? अमेरिकेतली मुलं जुलैमधल्या ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने करायच्या निवडीतून येतात. काही शाळा संपवून अठराव्या वर्षी, काही कॉलेजातून एकविसाव्या वर्षी. लॅटिन अमेरिकेतल्या मुलांना सोळाव्या वर्षीच करारबद्ध करता येतं. शिवाय पिचिंग कधी सुरू केलं, हेही विचारा. सांताना आधी मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षण करायचा. जेकब डिग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक. २०१०च्या ड्राफ्टमध्ये नवव्या फेरीत त्याची निवड झाली, त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि मेजर लीगमध्ये यायला २०१४चा मे उजाडला. तेव्हा तो सव्विसाव्या वर्षात होता. वयाच्या रकान्याकडे पाहून त्याला खोडून टाकणाऱ्याने २०१८ आणि २०१९चा साय यंग विजेता खोडला असता.

तिसरी पायरी म्हणजे एक आकडा तूर्त बाजूला ठेवणं. तो म्हणजे धावांची सरासरी, अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज : दर नऊ इनिंगमागे, म्हणजे नऊ डावांच्या पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या नावे लागलेल्या धावा. क्षेत्ररक्षकांच्या उघड चुकांमुळे झालेल्या धावा त्यातून वगळतात. वर्तमानपत्रात हाच आकडा ठळक असतो आणि नवखा वाचक इथेच फसतो.

कारण मायनर लीगमध्ये पिचरसोबत मैदानात असलेले आठही जण शिकाऊ असतात. ज्या चेंडूपर्यंत चांगला शॉर्टस्टॉप पोचला असता, तो शिकाऊ शॉर्टस्टॉपच्या बाजूने निघून जातो आणि त्याची ‘चूक’ म्हणून नोंदही होत नाही. पिचर दोन खेळाडू बेसवर ठेवून बाहेर गेला आणि बदली आलेल्याने त्यांना धावा पुऱ्या करू दिल्या, तरी त्या धावा पहिल्याच्याच खात्यावर पडतात.

मैदानांचाही गोंधळ आहे. पॅसिफिक कोस्ट लीगमधलं अल्बुकर्क समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर आहे, रीनो साडेचार हजारांच्या आसपास. हवा विरळ, त्यामुळे फटका लांब जातो आणि चेंडू कमी वळतो. तिथे पाचची सरासरी म्हणजे संकट नव्हे. फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये हवा दमट आणि मैदानं ऐसपैस, म्हणून तिथली तीनची सरासरी पाहून लगेच हुरळून जाऊ नये.

या सगळ्याला भक्कम आधार दिला व्होरोस मॅक्रॅकेन या अभ्यासकाने. २००१च्या सुमारास त्याने मांडलं की बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती ‘हिट’ ठरतील, म्हणजे किती फटक्यांवर बॅटर सुखरूप बेसवर पोचेल, यावर पिचरचा ताबा लोकांना वाटतो त्याहून फारच कमी असतो. होमरन, म्हणजे मैदानाबाहेर गेलेले फटके, सोडून मैदानात आलेल्या दर दहा चेंडूंपैकी साधारण तीन हिट ठरतात. एखाद्याच्या बाबतीत ते चारच्या जवळ गेलेले दिसले तर आधी नशीब आणि क्षेत्ररक्षण तपासावं, मग पिचर. खालच्या पातळीवर मात्र याला एक अपवाद धरावा : सरळसोट, मधोमध चेंडू टाकणाऱ्याला खरोखरच जास्त मार पडतो. म्हणून मी हा नियम मेजर लीगइतका कडक लावत नाही.

चौथी पायरी सर्वांत कामाची. स्ट्राइकआउट आणि वॉक यांचं प्रमाण काढा, तेही इनिंगवर नाही तर समोर आलेल्या बॅटरांवर. समजा एका पिचरने मोसमात ४०० बॅटर पाहिले, १०० स्ट्राइकआउट केले आणि ३२ वॉक दिले. म्हणजे २५ टक्के आणि ८ टक्के, फरक १७. मेजर लीगमध्ये अलीकडे हा सरासरी फरक साधारण १४च्या आसपास असतो. क्षेत्ररक्षक, मैदान, नशीब यांचा या आकड्यावर सर्वांत कमी परिणाम होतो, म्हणून तरुण पिचरच्या कागदावर पहिली नजर इथे जावी.

सांतानाचा १९९९चा कागद आता पुन्हा घ्या. १६० इनिंगमध्ये १५० स्ट्राइकआउट आणि फक्त ५५ वॉक. वयाने मोठ्या बॅटरांसमोर, वीस वर्षांच्या मुलाचे. ४.६६ या आकड्याच्या मागे हे दडलेलं होतं.

नुसते स्ट्राइकआउट पाहिले तर काय होतं, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्टीव्ह डाल्कोव्स्की. बाल्टिमोर ओरिओल्सच्या मायनर संघांतला हा चष्मेवाला डावखुरा. त्याच्याइतका वेग आपण दुसऱ्या कोणाकडे पाहिला नाही, असं सांगणारे जुने खेळाडू कितीतरी होते. १९६०मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनकडून १७० इनिंगमध्ये त्याने २६२ स्ट्राइकआउट केले आणि वॉकही बरोबर २६२ दिले. १९६२मध्ये एल्मायरा इथे अर्ल वीव्हर या व्यवस्थापकाने त्याला जोर थोडा कमी करून चेंडू चौकटीत टाकायला लावलं, तेव्हा १६० इनिंगमध्ये वॉक ११४ वर आले. पुढच्याच वसंतात, मेजर लीगच्या उंबरठ्यावर, त्याचं कोपर गेलं. मेजर लीगचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही.

यातून एक सवय लावून घ्यावी : एका वर्षाचा आकडा न पाहता दोन-तीन वर्षांची दिशा पाहायची. वॉकचं प्रमाण चौदावरून अकरा, अकरावरून नऊ टक्के असं उतरत असेल, आणि पातळी मात्र वर चढत असेल, तर पोरगा शिकतो आहे. सहा सामन्यांवरून मत बनवण्याचा मोह टाळा. स्ट्राइकआउटचं प्रमाण त्यातल्या त्यात लवकर स्थिरावतं, वॉकला जास्त वेळ लागतो, धावांच्या सरासरीला तर एक मोसमही पुरत नाही.

पाचवी पायरी, मैदानावर जाऊन पाहणं. मायनर लीगमध्ये आता बहुतेक मालिका मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामन्यांच्या असतात आणि सुरुवात करणारा पिचर बहुधा आठवड्यातून एकदाच येतो. तेव्हा आपल्याला हवा असलेला कोणत्या दिवशी आहे हे आधी पाहून तिकीट काढा. जागा होमप्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे, थोडी वरची घ्या. बाजूने बसलं तर चेंडूचं वळण दिसत नाही.

बसल्यावर पिचरकडे नव्हे, कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, ग्लोव्हकडे पाहा. कॅचर जिथे ग्लोव्ह धरतो तिथेच चेंडू आला का, की त्याला झेपावून घ्यावा लागला? चेंडू चौकटीत असणं वेगळं आणि मागितलेल्या जागी असणं वेगळं. पहिल्याला बेसबॉलमध्ये कंट्रोल म्हणतात, दुसऱ्याला कमांड. मधोमध पडलेला चेंडूही ‘स्ट्राइक’च असतो, आणि सिंगल-एमध्ये तो खपूनही जातो, वरच्या पातळीवर तो मैदानाबाहेर जातो. कंट्रोल आकड्यांत दिसतो, कमांड मात्र डोळ्यांनीच पाहावी लागते.

मग फलकावर लागणारा वेग. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा, म्हणजे सरळ आणि जोरात टाकलेल्या चेंडूचा, सरासरी वेग अलीकडे ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे. म्हणजे सुमारे १५१ किलोमीटर. पहिल्या इनिंगमधला सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवून लोक घरी जातात. आपण पाचव्या इनिंगमधला पाहावा. खेळाडू बेसवर असला की पिचरला आखूड हालचालीने चेंडू टाकावा लागतो, तेव्हा वेग आणि अचूकता टिकते का, हेही पाहावं.

वेगाने दार उघडतं, एवढंच. २००८मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. हातात कधी ग्लोव्ह न घातलेली मुलं काही महिन्यांत करारापर्यंत पोचली, ती हाताच्या जोरावर. रिंकू काही मोसम खेळला, पण सिंगल-एच्या वर गेला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला. त्यांच्यावर २०१४मध्ये चित्रपटही निघाला.

सहावी पायरी : हातात चेंडूचे किती प्रकार आहेत ते मोजा. सामना सुरू करणाऱ्या पिचरला तेच बॅटर दोनदा, तीनदा भेटतात आणि दर फेरीत त्याला अधिक ओळखू लागतात. दोन प्रकारांवर पहिली फेरी निघते, तिसरी सहसा निघत नाही. फास्टबॉल आणि स्लायडर, म्हणजे उशिरा बाजूला सटकणारा चेंडू, हे बहुतेकांकडे असतात. कमी पडतो तो चेंज-अप : हाताची हालचाल फास्टबॉलचीच, पण चेंडू आठ-दहा मैलांनी सावकाश. क्रिकेट पाहणाऱ्याला हे नवं नाही, वेगवान गोलंदाजाचा फसवा संथ चेंडू तोच. डावखुऱ्या पिचरला उजव्या बॅटरांविरुद्ध याचीच सर्वांत जास्त गरज असते. म्हणून डाव्या आणि उजव्या बॅटरांविरुद्धचे आकडे वेगवेगळे काढून पाहा. मोठी तफावत दिसली की तिसरा चेंडू अजून तयार नाही असं समजावं.

सांतानाचं खरं वळण इथे आलं. २००२मध्ये ट्विन्सने त्याला कॅनडातल्या एडमंटन इथल्या ट्रिपल-ए संघात परत पाठवलं. तिथले पिचिंग प्रशिक्षक बॉबी क्वेयार यांनी अट घातली : प्रत्येक बॅटरला निदान एक चेंज-अप टाकायचाच. सामन्याची परिस्थिती काहीही असो. तोच चेंज-अप पुढे त्याचं मुख्य हत्यार ठरला.

अशी अट स्कोअरकार्डावर लिहिलेली नसते. बाहेरून पाहणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण हीच. कच्चा चेंडू मुद्दाम टाकायला सांगितला की तो मार खातो, वॉक वाढतात, सरासरी बिघडते. आपण म्हणतो पोरगा घसरला. प्रत्यक्षात तो सांगितलेला अभ्यास करत असतो. म्हणून अचानक वाईट महिना दिसला तर कोणत्या प्रकारचे चेंडू किती टाकले ते शोधा. ट्रिपल-ए आणि फ्लोरिडा स्टेट लीगमधली प्रत्येक चेंडूची नोंद आता सर्वांना पाहता येते. वेग तोच, चेंज-अप दुप्पट, असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. प्रकार तेच आणि वेग दोन मैलांनी उतरलेला, असं दिसलं तर आहे.

पारख्यांचे अहवाल वाचताना २० ते ८० अशी गुणांची पट्टी भेटेल. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. ‘४५/६०’ असं लिहिलं तर पहिला आकडा आजचा, दुसरा पुढे होईल असा अंदाज. तरुण पिचरच्या बाबतीत लोक दुसराच आकडा वाचतात. दोहोंमधलं अंतर जितकं मोठं तितकी जोखीम मोठी, इतकं ध्यानात ठेवलं की पुरे.

सातवी पायरी म्हणजे हात, आणि इथे कोणाचीच विद्या फारशी चालत नाही. जोरात चेंडू टाकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्टीवर, प्रचंड ताण येतो. तो तुटला तर शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. तो १९७६मध्ये परतला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला. आजही परतायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात. आधी वेग परत येतो, कमांड बरीच उशिरा. त्यामुळे परतल्यानंतरच्या पहिल्या मोसमात वॉक वाढलेले दिसले, तर निकाल लांबणीवर टाका.

कुमार रॉकरची फाइल या दृष्टीने चाळण्यासारखी आहे. आई भारतीय वंशाची. २०१९मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून ड्यूकविरुद्ध त्याने एकही हिट न देता १९ स्ट्राइकआउट केले. २०२१मध्ये न्यू यॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३च्या मे महिन्यात टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०२४च्या उन्हाळ्यात तो परतला आणि भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या फ्रिस्कोच्या डबल-ए संघातून वर जात सप्टेंबरात मेजर लीगमध्ये उतरला. पहिल्या सामन्यात ४ इनिंगमध्ये ७ स्ट्राइकआउट. मेट्सचा निर्णय भित्रा होता की शहाणा, यावर अजूनही वाद घालता येतो. मला तो शहाणपणाकडे झुकणारा वाटतो, कारण कोपर पुढे खरोखरच गेलं.

हाताचा अंदाज बांधायला साधा उपाय म्हणजे दरवर्षीच्या इनिंग ओळीने लिहिणं. ४०, ७५, १०५, १३० अशी चढण असेल तर क्लब सांभाळून नेतो आहे. अधूनमधून रिकामं वर्ष दिसलं तर त्याचं कारण शोधा. बहुतेक वेळा ते कोपर किंवा खांदा असतं.

आठवी पायरी, वरची उडी. जाणकार डबल-एला खरी चाळणी मानतात : तिथले बॅटर चौकटीबाहेरच्या चेंडूला हात लावत नाहीत, म्हणून वॉक वाढतात. वाढले तर लगेच नावं ठेवू नका, ते पुन्हा उतरतात का हे पाहा. सांतानाला तर मधल्या पायऱ्याच मिळाल्या नाहीत. ज्या नियमाखाली त्याला उचललं, त्या ‘रूल ५’ निवडीत घेतलेला खेळाडू पूर्ण मोसम मेजर लीगच्या संघात ठेवावा लागतो, नाहीतर जुन्या क्लबाला परत देऊ करावा लागतो. २०००मध्ये एकविसाव्या वर्षी ८६ इनिंगमध्ये त्याने ५४ वॉक दिले, सरासरी ६.४९. चार वर्षांनी २२८ इनिंगमध्येही वॉक तेवढेच, ५४.

शेवटी भूमिका. प्रत्येक चांगला पिचर सामना सुरू करणाराच होईल असं नाही. डबल-एपर्यंत येऊन दोनच प्रकार पक्के असतील आणि दर दहा बॅटरांमागे एकाहून जास्त वॉक होत असतील, तर तो रिलीव्हर, म्हणजे शेवटच्या एक-दोन इनिंगपुरता येणारा पिचर, होण्याची शक्यता जास्त. याला अपयश समजू नये. मारियानो रिव्हेरा मायनर लीगमध्ये सामने सुरू करायचा. १९९२मध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी नव्या क्लबांसाठी झालेल्या निवडीत न्यू यॉर्क यँकीजने त्याला राखलं नाही. तरी कोणी त्याला घेतलं नाही. १९९५मध्ये मेजर लीगमधला पहिला सामनाही त्याने सुरुवातीचा पिचर म्हणूनच खेळला. मग त्याला शेवटच्या इनिंगकडे वळवलं आणि पुढची सगळी वर्षं तो मुख्यतः एकाच प्रकारच्या चेंडूवर, कटरवर, जगला. त्याच्या खात्यावर ६५२ सेव्ह आहेत, म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने. हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.